दुःखाचा अर्थ : साताऱ्याचा कवि आणि मिरजेचा वैद्य

साताऱ्याच्या नैर्ऋत्येस तीनचार कोसांवर परळीचा किल्ला आहे. त्यासच आपण सज्जनगड म्हणतों. शके १६०३ च्या माघांत श्रीसमर्थांनीं तेथें देह ठेवला, आणि तेव्हांपासून त्या डोंगराची वाट कधीं ओस पडली नाहीं. वर चढणाऱ्यांपैकीं बहुतेकांच्या पदरीं कांहींना कांहीं दुःख बांधलेलें असतें. कोणाचें मूल दगावलेलें असतें, कोणाचा संसार विसकटलेला असतो, कोणाच्या देहास व्याधि जडलेली असते. समर्थांस हें पुरें ठाऊक होतें. दासबोधाच्या तिसऱ्या दशकांत त्यांनीं मनुष्याच्या तीन तापांचें जें वर्णन केलें आहे, त्यांतील आध्यात्मिक तापाचा समास वाचूं लागलें तर एखाद्या वैद्याची नोंदवही उघडल्यासारखें वाटतें. दुःख हा भास आहे असें सांगून समर्थ मोकळे होत नाहींत. तें अंगाला कसकसें झोंबतें हें ते आधीं मोजून दाखवितात.

परंतु यादी कितीहि पूर्ण असली तरी दुःखिताचा प्रश्न तीत सुटत नाहीं. तो आपल्या व्याधीचें नांव विचारीत नसतो. ती आपल्याच वांट्यास कां आली, हें तो विचारीत असतो. कर्मविपाक हें आपल्या समाजानें पिढ्यान्‌पिढ्या दिलेलें उत्तर होय. त्याची थोरवी मान्य केली पाहिजे. जग बेबंद नाहीं, येथें कोणाचाहि हिशेब चुकत नाहीं, हा दिलासा लहान नव्हे. पण हेंच उत्तर भोगणाऱ्याच्या तोंडून निघून पाहणाऱ्याच्या तोंडीं गेलें कीं त्याचा रंग पालटतो. ‘माझें प्रारब्ध’ या शब्दांत धीर आहे. ‘त्याचें प्रारब्ध’ या शब्दांत बहुधा हात झटकणें असतें.

साताऱ्यांत व त्याच्या दक्षिणेकडील मुलखांत विसाव्या शतकाच्या आगेमागें या प्रश्नाला निराळें उत्तर देणारी कांहीं माणसें येऊन राहिलीं. हा दक्षिणेकडील मुलूख म्हणजे आजचा सांगली जिल्हा. संस्थानें विलीन झाल्यावर १९४९ सालीं तो ‘दक्षिण सातारा’ या नांवानें बनला व १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. तें निराळें उत्तर ख्रिस्ती श्रद्धेंतून आलेलें होतें. देणारांपैकीं तिघांची हकीकत येथें सांगावयाची आहे : एक मराठी कवि, त्याची पत्नी आणि एक परदेशी शस्त्रवैद्य. प्रस्तुत लेखक ख्रिस्ती नाहीं, आणि धर्मांची तुलना करून त्यांस गुण वाटण्याची त्याची इच्छाहि नाहीं. श्रद्धेनें दुःखास हेतु प्राप्त होतो असें आपण नेहमीं ऐकतों. तो प्रत्यक्ष आयुष्यांत कसा प्राप्त झाला, त्याची किंमत कोणीं मोजली, आणि एकाला सांपडलेला हेतु दुसऱ्याला देतां येतो काय, एवढेंच इतिहासाच्या आधारें पाहावयाचें आहे.

त्यापूर्वीं ख्रिस्ती शास्त्रांतील दोन स्थळें ध्यानांत घेतलीं पाहिजेत. पहिलें जुन्या करारांतील ईयोबाचें. धन, मुलेंबाळें व आरोग्य हीं सर्व हरपून हा सज्जन राखेंत बसला असतां त्याचे तीन मित्र समाचारास येतात. सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर निमूट बसून राहतात, आणि तोंवर ते खरे मित्र असतात. नंतर ते बोलूं लागतात, आणि तुझ्या हातून कांहींतरी पाप घडलेंच असलें पाहिजे, असें त्यास पटवूं पाहतात. ग्रंथाच्या अखेरीस देवाचा कोप होतो तो ईयोबावर होत नाहीं, या पंडित मित्रांवर होतो. दुसरें स्थळ योहानाच्या शुभवर्तमानांतील. एका जन्मांधास पाहून शिष्य येशूला विचारतात, पाप कोणाचें, याचें कीं याच्या आईबापांचें? येशू दोन्ही नाकारतो; देवाचें कार्य याच्या ठायीं दिसावें म्हणून हें आहे असें सांगतो, आणि लगेच मातीचा लेप करून त्या अंधाच्या डोळ्यांस लावतो. शिष्यांची दृष्टि मागें, कारणाकडे होती; गुरूनें ती पुढें, करावयाच्या कामाकडे वळविली. आणि या सर्वांच्या शिरोभागीं क्रूस आहे. देव मनुष्याचें दुःख दुरून पाहत नाहीं, तो तें स्वतः भोगतो, हा त्या खुणेचा अर्थ.

आतां कवीकडे वळूं. नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं झाला. संस्कृताचा व्यासंग, मोकळा हात, तापट स्वभाव आणि एका जागीं न ठरणारें मन, असा हा पुरुष होता. १८९३ सालीं आगगाडीनें राजनांदगांवास जात असतां एका युरोपियन सहप्रवाशाशीं त्यांची गांठ पडली व त्यानें नव्या कराराची प्रत त्यांच्या हातीं ठेवली. ती वाचतांना डोंगरावरील प्रवचनानें त्यांचें मन वेधून घेतलें, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशीं आलों, असें ते पुढें सांगत असत. तुकोबांचें नांव येथें उगीच आलेलें नाहीं. दुष्काळांत बायको अन्नावांचून गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला, आणि त्याच आपत्तींनीं आपल्याला देवापाशीं आणलें म्हणून जो समाधान मानतो, त्या वाण्याची शिकवण टिळकांच्या रक्तांत होती. दुःख ही देवाकडे जाण्याची वाट होऊं शकते, हा धडा त्यांना मराठींतच मिळालेला होता. त्याच वाटेवर देवहि रक्ताळलेल्या पायांनीं चालला आहे, ही गोष्ट त्यांना ख्रिस्ताच्या ठायीं नव्यानें सांपडली. त्यांच्या ख्रिस्ती अभंगांतील जिव्हाळा या दोन्ही प्रवाहांच्या संगमांतून आला आहे.

येथवरची कथा सरळ आहे, आणि चरित्रकार बहुधा येथवरच रमतात. पण टिळकांस ज्या दिवशीं शांति लाभली, त्याच दिवशीं दुसऱ्या एका जिवाच्या अशांतीस आरंभ झाला. तो जीव म्हणजे त्यांची पत्नी लक्ष्मीबाई. श्रद्धेनें एकाचें दुःख फिटलें आणि त्याच श्रद्धेनें दुसऱ्याचें दुःख उभें राहिलें, हें सत्य डोळ्यांआड करून या विषयावर लिहिणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

लक्ष्मीबाईंस दुःखाची ओळख बाळपणापासूनच होती. १८५७ च्या धामधुमींत त्यांच्या आईच्या वडिलांस फांशी झाली. त्या धक्क्यानें लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनानें असा कांहीं पीळ घेतला कीं त्यांस सोंवळ्याचें वेड लागलें. घरांत येणारी प्रत्येक वस्तु धुवून घ्यावयाची, अगदीं मीठसुद्धां! एका मनुष्याची न बोललेली व्यथा साऱ्या घरास किती जाचक होऊं शकते, याचें याहून बोलकें उदाहरण मराठी वाङ्मयांत शोधून सांपडणार नाहीं. अशा घरांतून ही मुलगी १८८० सालीं, बारा वर्षांची असतां, टिळकांच्या घरांत आली. शाळा तिनें पाहिलेली नव्हती. अक्षरओळख झाली ती नवऱ्याच्या हाताखालीं.

टिळकांच्या धर्मांतराची बातमी आली तेव्हां तिच्या पदरीं चार वर्षांचा मुलगा होता. सुमारें पांच वर्षें ती नातलगांच्या आश्रयानें राहिली. नवरा जिवंत आहे पण समाजाच्या लेखीं तो मेला आहे, ही स्थिति वैधव्याहून चमत्कारिक. विधवेला निदान काय झालें हें ठाऊक असतें, आणि लोकांनाहि तिच्याशीं काय बोलावें हें ठाऊक असतें. लक्ष्मीबाईंचें मन त्या काळांत ठिकाणावर राहिलें नव्हतें. तें भ्रमाच्या कडेपर्यंत जाऊन आलें. अशा वेळीं आपण असतों तर तिला काय सांगितलें असतें? प्रारब्ध म्हणून सोसावें, असें कोणी सांगितलें असतें. नवऱ्याला सत्य सांपडलें आहे, त्यासाठीं तुझा हा त्याग होय, असें एखाद्या पाद्रीसाहेबानें सांगितलें असतें. दोन्ही उत्तरें आपापल्या शास्त्राप्रमाणें बरोबर असतील. पण तिच्या वेदनेपुढें दोन्ही सारखींच पोकळ ठरलीं असतीं. टिळकांना सांपडलेला अर्थ कितीहि थोर असला तरी तो त्यांचा होता. तो बायकोस देण्याजोगी वस्तु नव्हता.

पुढें ती नवऱ्याकडे अहमदनगरास आली, ती ख्रिस्ती होण्यासाठीं आली नव्हती, संसारासाठीं आली. आपलें सोंवळें, आपली चूल, आपलें पाणी तिनें निराळें ठेवलें, आणि हें टिळकांनीं चालवून घेतलें, ही त्यांच्या तापट स्वभावास शोभा देणारी गोष्ट होय. मग हळूहळू, वादानें नव्हे तर रोजच्या व्यवहारानें, तिची एकेक गांठ सुटत गेली. तो काळच असा होता कीं घराचें दार लावून बसणें शक्य नव्हतें. छप्पनच्या दुष्काळानें पोरकीं झालेलीं मुलें नगरास मिशनच्या आश्रयाला आलेलीं होतीं. प्लेगानें गांवें ओस पाडलीं होतीं. पुढें प्लेगाच्या आजाऱ्यांजवळ राहून या बाईनें त्यांची शुश्रूषा केली. जिच्या वडिलांनीं मीठ धुवून घेतलें, ती आतां परक्यांच्या गांठीं धुवीत होती. १९०० सालीं तिनें बाप्तिस्मा घेतला. तिच्या दुःखास जो हेतु मिळाला तो असा, हातानें काम करतांकरतां, आणि तिच्या स्वतःच्या चालीनें मिळाला.

या दांपत्याच्या आयुष्याचा शेवटचा अंक साताऱ्यास झाला. साताऱ्यास अमेरिकन मिशनचें ठाणें जुनें होतें. पण टिळक तेथें आले ते मिशनचे नोकर म्हणून आले नाहींत. ‘ज्ञानोदया’चे संपादक, मान्यताप्राप्त पाळक व लोकप्रिय कवि असा त्यांचा लौकिक झालेला होता. असें असतां १९१७ सालीं, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षीं, त्यांनीं मिशनचा पगार सोडला, संन्याशाची वृत्ति धरली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, पण ख्रिस्तास गुरु मानणारे, असे सर्वजण या दरबारांत सारखे. पाश्चात्त्य पद्धतीच्या ख्रिस्ती समाजांतून उठून समर्थांच्या जिल्ह्यांत, गडाच्या जवळ, एका मराठी भक्तानें असा दरबार भरवावा यांत एक औचित्य आहे. देव सर्वांचा आहे, आणि त्याचें दुःखहि सर्वांचें आहे, ही या दरबाराची मूळ कल्पना.

व्यवहारांत मात्र या कल्पनेचा भार पुन्हा लक्ष्मीबाईंवरच पडला. नवऱ्यानें पगार सोडला तरी घरीं येणाऱ्यांच्या पानावर वाढावयाचें कोणीतरी लागतेंच. संन्यास एकाचा आणि टंचाई दोघांची, असा तो प्रकार होता. त्यांतच १९१८ सालची इन्फ्लुएंझाची साथ आली. एकट्या मुंबई इलाख्यांत तिनें दहा लाखांहून अधिक माणसें नेलीं. टिळकांची प्रकृतिहि खालावत चालली होती. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस त्यांचा अंत झाला. दरबार त्यांच्यामागें फार काळ टिकला नाहीं.

ज्याला आपण यश म्हणतों त्या मापानें मोजलें तर सातारचा प्रयोग फसला असेंच म्हणावें लागेल. पण लक्ष्मीबाई मागें राहिल्या होत्या. टिळकांनीं ‘ख्रिस्तायन’ हें ओवीबद्ध महाकाव्य आरंभून पहिले थोडे अध्याय लिहिले होते. पुढचे साठांवर अध्याय या शाळा न पाहिलेल्या बाईनें रचून तें पुरें केलें. १९३४ पासून त्यांचीं ‘स्मृतिचित्रें’ प्रसिद्ध होऊं लागलीं, आणि २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं त्या वारल्या. ‘स्मृतिचित्रें’ ज्यांनीं वाचलीं असतील त्यांस एक गोष्ट जाणवली असेल. इतकें सोसलेल्या या बाईच्या लिहिण्यांत कुरकुर नाहीं, आणि उपदेशहि जवळजवळ नाहीं. विनोद मात्र पानोपानीं आहे. नवऱ्याचा विसरभोळेपणा, आपला भित्रेपणा, पाहुण्यांचे गोंधळ, यांवर ती मनसोक्त हंसते. माझें दुःख देवानें या कारणासाठीं धाडलें, असा सिद्धांत ती वाचकाच्या गळीं उतरवीत नाहीं. ज्याला आपल्या दुःखाचा अर्थ खरोखरच लागला आहे, त्याला तो दुसऱ्यास पढवावासा वाटत नाहीं, असें तर नसेल?

कवीच्या घराकडून आतां वैद्याच्या घराकडे जाऊं. साताऱ्याहून कऱ्हाडावरून कृष्णेच्या कांठाकांठानें खालीं उतरलें कीं सांगली व मिरज हीं जुळीं गांवें लागतात. विल्यम जेम्स वानलेस हे कॅनडांत १८६५ सालीं जन्मलेले गृहस्थ अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनच्या वतीनें १८८९ सालीं हिंदुस्थानांत आले. प्रथम त्यांनीं सांगलींत एक लहानसा दवाखाना उघडला. पुढें मिरज हें आगगाडीच्या फांट्याचें ठिकाण म्हणून सोयीचें दिसलें. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांनीं जागा दिली, अमेरिकेंतून देणगी आली, आणि १८९४ सालीं मिरजेचें रुग्णालय सुरू झालें. तेथें पोटाच्या व डोळ्यांच्या शस्त्रक्रियांची अशी कीर्ति झाली कीं दक्षिण महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत ‘मिरजेला नेलें’ या दोन शब्दांतच आजाराची गंभीरता आणि नातलगांची आशा हीं दोन्ही कळूं लागलीं. देशी तरुणांस वैद्यकाचें व मुलींस परिचर्येचें शिक्षण देण्याची सोयहि तेथें झाली. एवढा व्याप उभारीत असतां १९०६ सालीं वानलेसांच्या पत्नी मेरी वारल्या. स्वतःच्या दुःखाचें त्यांनीं काय केलें, याचें उत्तर त्यांच्या दिनक्रमांतच आहे : ते त्यानंतर आणखी बावीस वर्षें, १९२८ पर्यंत, मिरजेस काम करीत राहिले. निवृत्तीच्या वर्षीं सरकारनें त्यांस ‘सर’ हा किताब दिला; लोकांनीं त्यांचें नांव सांगली-मिरज रस्त्यावरील वस्तीला दिलें. क्षयरोग्यांच्या आरोग्यधामाभोंवतालची ती वस्ती आजहि वानलेसवाडी म्हणूनच ओळखली जाते.

या रुग्णालयाची एक आठवण आमच्या घरांत चालत आलेली आहे. माझी पणजी कऱ्हाडकडची. तिचे दोन्ही डोळे मोतीबिंदूनें गेले. घरांतल्या एका वडीलधाऱ्या बाईनें, मागल्या जन्मीं कोणाची दृष्टि मोडली असशील, असा निवाडा दिला होता, आणि पणजीनें तो मुकाट्यानें मान्य करून माळ हातीं घेतली होती. अखेर मुलानें हट्ट धरून तिला आगगाडींत बसविली व मिरजेस नेली. सोबतीला माझी आजी होती; ती तेव्हां परकरी पोर. तिनें सांगितलेली हकीकत मोठी मजेची आहे. पणजीनें बरोबर शेगडी, तांदूळ आणि पाण्याची कळशी नेली होती. सकाळीं प्रार्थना चालली म्हणजे ती पाठ फिरवून आपली माळ ओढी. तिला कोणी हटकलें नाहीं. पट्टी सुटल्यावर तिला पहिल्यानें दिसला तो आपल्या नातीच्या परकराचा कांठ. घरीं परतल्यावर ती सर्वांस सांगे, ‘कृपा विठोबाची, हात साहेबाचा.’ एवढें सांगून ती आणखी एक वाक्य बोले, आणि आजी तें नेहमीं हळू आवाजांत सांगत असे : ‘तिथं मला कुणीं विचारलं नाहीं बाई, कीं तूं काय केलं होतंस.’

हें वाक्य मी जसजसा मोठा झालों तसतसें मला अधिकाधिक मोलाचें वाटूं लागलें. योहानाच्या शुभवर्तमानांतील त्या जन्मांधाची कथा पणजीनें कधीं ऐकली नसेल. परंतु त्या कथेंतला मुख्य मुद्दा तिला नेमका कळला होता.

मोतीबिंदूसारख्या दुखण्यांत वैद्याला उपाय ठाऊक होता. श्रद्धेची खरी कसोटी लागली ती जेथें उपाय नव्हता तेथें. मिरजेच्या मिशननें महारोग्यांसाठीं निवासस्थान काढलें होतें. महारोगाचा जंतु नॉर्वेतील हॅन्सेन यांनीं १८७३ सालींच दाखविला होता. पण जंतु सांपडला म्हणून औषध सांपडलें नव्हतें. चालमोगऱ्याचें तेल देत, त्यानें थोड्यांस थोडा गुण येई. खरें गुणकारी औषध १९४० नंतरच्या दशकांत आलें, आणि अनेक औषधें एकत्र देऊन रोग निःशेष बरा करण्याची पद्धति १९८० नंतरची. म्हणजे चाळीसपन्नास वर्षें येथील सेवकांनीं जें केलें तें बरें करण्याच्या आशेनें केलें असें म्हणतां येत नाहीं. जखमा धुवाव्या, पट्ट्या बांधाव्या, जेवावयास घालावें, आणि मनुष्यास त्याच्या नांवानें हांक मारावी. या रोग्यांस घरच्यांनीं टाकलेलें असे, गांवानें वेशीबाहेर घातलेलें असे, आणि हें सर्व त्यांच्या पूर्वपापाचें फळ म्हणून रास्त ठरविलेलें असे. अशास नांवानें हांक मारणें हेंच मोठें औषध होतें.

येथें आपल्या समाजालाच दोष देऊन थांबणें अन्यायाचें होईल. ख्रिस्ती युरोपांतच मध्ययुगीं महारोग्यास जिवंतपणीं मृत ठरवून, त्याच्यावर उत्तरकार्यासारखे विधि करून त्यास गांवाबाहेर घालीत. ईयोबाच्या मित्रांचें गोत्र सर्व धर्मांत पसरलेलें आहे. ख्रिस्ताचें नांव घेणाऱ्यांतहि त्यांचा भरणा कमी नव्हता. धर्मग्रंथ एक असला तरी त्यांतून शिष्यांचा प्रश्न उचलावयाचा कीं गुरूची कृति उचलावयाची, हें ज्याचें त्याला ठरवावें लागतें.

मिशनच्या सेवेवर आपल्याकडे घेतला जाणारा आक्षेपहि टाळतां येण्यासारखा नाहीं. या रुग्णालयांतून प्रार्थना होत, उपदेश होत, आणि रोगी ख्रिस्ती व्हावा ही इच्छा तेथें उघड होती. सेवेच्या पोटीं धर्मांतराचा हेतु असूं नये, असें महात्मा गांधींनीं मिशनऱ्यांस पुनःपुन्हा बजाविलें, आणि त्यांचें म्हणणें न्याय्य होतें. परंतु फळ पाहावें तर मिरजेहून बरें होऊन परतलेल्या असंख्यांपैकीं ख्रिस्ती झालेले फार थोडे. बाकीचे माझ्या पणजीप्रमाणें आपापला देव घेऊन घरीं आले. सेवकांची एक इच्छा फारशी फळली नाहीं, तरी दुसरें कांहीं फळलें. महारोग्यास हात लावतां येतो, ही गोष्ट लोकांनीं डोळ्यांनीं पाहिली. पुढें सेवाग्रामांत गांधीजींनीं परचुरे शास्त्र्यांसारख्या महारोगग्रस्त पंडितास जवळ ठेवून स्वतःच्या हातानें त्यांचें अंग चोळलें. स्वातंत्र्यानंतर वरोऱ्यास बाबा आमट्यांचें आनंदवन उभें राहिलें आणि ज्यांना कोणी भिक्षेखेरीज कांहीं देत नव्हतें त्यांच्या हातांत तेथें कुदळ आली. हें सर्व मिरजेमुळेंच झालें असें कोणी म्हणणार नाहीं. पण एकदां मळलेल्या वाटेवरून पुढचीं पावलें पडावयास सोपें जातें, एवढें खरें.

आरंभींच्या प्रश्नाकडे आतां परतूं. श्रद्धेनें दुःखास हेतु प्राप्त होतो काय? टिळकांच्या व लक्ष्मीबाईंच्या आयुष्याकडे पाहतां तो होतो असें मान्य करावें लागतें. नाहींतर इतक्या पडझडींतून अभंग आणि ‘स्मृतिचित्रें’ निघालीं नसतीं. पण तो हेतु प्रत्येकास आपल्या पायांनीं चालून गांठावा लागला. टिळकांना तो क्रूसापाशीं सांपडला, लक्ष्मीबाईंना तो आजाऱ्यांच्या उशाशीं सांपडला. नवऱ्याचा अर्थ बायकोच्या कामाला आला नाहीं. आणि वैद्यानें तर रोग्यांच्या दुःखाचा अर्थ लावण्याच्या भरीस न पडतां त्यांच्या डोळ्यांवरचा पडदा काढला. आपलें दुःख सार्थ आहे असें म्हणण्याचा अधिकार भोगणाऱ्याचा आहे, आणि त्यानें तो बजावला तर आपण मान खालीं घालून ऐकावें. दुसऱ्याच्या दुःखाला अर्थ देण्याचा अधिकार आपल्याला नाहीं. त्याला आपण देऊं शकतों तो हात.

हें मला पुस्तकांतून कळावयास हवें होतें. कळलें तें निराळ्याच रीतीनें. वीसबावीस वर्षांपूर्वींची गोष्ट. आमच्या महाविद्यालयांतील एका सहकाऱ्याचा तरुण मुलगा अपघातांत गेला. तिसऱ्या दिवशीं मी भेटावयास गेलों. बोलणें हाच ज्याचा धंदा त्याला गप्प बसणें साधत नाहीं. मी दुःखानें मनुष्य कसा शुद्ध होतो, थोर माणसांनीं तें कसें पचविलें, असें बरेंच कांहीं बोललों. मला वाटतें तुकोबांचें नांवहि घेतलें. त्या गृहस्थांनीं सर्व ऐकून घेतलें. मग ते म्हणाले, ‘अहो, ही सकाळपासून कांहीं प्यायलेली नाहीं. माझ्याच्यानें उठवत नाहीं. तेवढा चहा टाकतां का?’

मी स्वयंपाकघरांत गेलों. साखरेचा डबा सांपडावयास वेळ लागला. दोन पेले भरून आणले, एक त्यांच्या पत्नीच्या हातांत दिला, आणि नंतर संध्याकाळपर्यंत मी त्यांच्याशेजारीं सतरंजीवर बसून राहिलों. त्या घरीं मी जें कांहीं केलें, त्यांत कामाचें तेवढेंच होतें.